हृदयाचा आलेख आणि खिशातील दूरध्वनी
(लेखांक चौथा)

हृदयातील विद्युत्प्रवाहाचा आलेख कागदावर कसा उमटतो, हे मागील लेखांकात सांगितले. परंतु जेथे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही मोठी इस्पितळे वर्धा शहराच्या आसपास आहेत आणि आष्टी, कारंजा हे तालुके मात्र जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पडले आहेत, अशा मुलखात तो आलेख जाणत्या डोळ्यांसमोर किती लवकर येतो, यावरच पुष्कळदा रुग्णाचे भवितव्य ठरते.

ही विवंचना नवी नव्हे. हॉलंडमधील लायडन येथे शास्त्रज्ञ आइंटहोवेन यांचे हा आलेख काढणारे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णाच्या खाटेजवळ नेणे अशक्यच होते. म्हणून १९०५ साली त्यांनी इस्पितळातील रुग्णाचे हृत्स्पंदन टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत नोंदविले. म्हणजे हृदय आणि दूरध्वनी यांचा संबंध शतकाहून जुना आहे.

आजचा स्मार्टफोन याबाबतीत दोन निरनिराळी कामे करतो आणि त्यांची गल्लत होता कामा नये. पहिले काम नोंदीचे. फोनला जोडलेल्या लहानशा पट्टीच्या दोन धातूच्या चकत्यांवर दोन्ही हातांची बोटे अर्धा मिनिट टेकविली, की आलेखाची एक बाजू, म्हणजे एकच लीड, पडद्यावर उमटते. हृदयाची लय अनियमित झाली आहे काय, हे ओळखण्यास ती बहुधा पुरते. आणि सांधेज्वराने झडपा बिघडलेल्या रुग्णांत अशी अनियमितता रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्यास कारण ठरू शकत असल्यामुळे ही सोय क्षुल्लक नव्हे. मात्र हृदयविकाराचा झटका शोधण्यास हृदय बारा बाजूंनी पाहावे लागते. खालच्या भिंतीला झालेली इजा त्या एका लीडमध्ये निसटू शकते. सबब, फोनने ‘नॉर्मल’ म्हटले म्हणून छातीतील कळ ‘गॅसची’ ठरत नाही.

दुसरे काम वहनाचे, आणि ग्रामीण भागात खरी किंमत त्याचीच. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी बारा लीडचा आलेख (ईसीजी) काढतो, त्याचा फोटो घेतो आणि व्हॉट्सॲपवरून इस्पितळातील फिजिशियनकडे धाडतो. या कागदावरील बारीक घर एक मिलिमीटरचे असते आणि शेजारच्या दोन लीडमध्ये रेषा एवढ्या एका घराने वर उचलली गेली, तरी झटक्याची शंका बळावते. तेव्हा कागदाची घडी, फ्लॅशची चकाकी किंवा हाताची सावली यांनी केवढा घोटाळा होऊ शकेल, हे निराळे सांगणे नलगे. कागद सपाट टेबलावर ठेवावा, लीडची नावे आणि मापनाची चौकोनी खूण फोटोत यावी, आणि सोबत रुग्णाचे वय, कळ सुरू झाल्याची वेळ व रक्तदाब कळवावा. नाव मात्र झाकावे.

वेळेचा आग्रह अकारण नाही. झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे औषध कळ सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत देता येते, तरी त्याचा खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत येतो. आणि ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणण्याच्या आपल्या रिवाजात नेमके तेच तास खर्ची पडतात.

मग आलेखाचा अर्थही फोननेच लावावा काय? केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकसेवेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालींना रुग्णास सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची मुभा नाही. निर्णय नोंदणीकृत डॉक्टराचाच. हा दंडक मला योग्य वाटतो. फोन हा जासूद आहे, मुन्सफ नव्हे. म्हणून एखाद्या आरोग्य केंद्रासाठी आलेखाचे यंत्र खरेदी करण्यापूर्वी तीन गोष्टींची तजवीज लेखी व्हावी: रात्री दोन वाजता आलेला आलेख कोण पाहणार, गुठळी विरघळविणारे औषध जवळच्या कोणत्या रुग्णालयात शिल्लक आहे, आणि १०८ची रुग्णवाहिका रुग्णास कोठे नेणार. या तिन्हींची उत्तरे कागदावर नसतील, तर यंत्राचा खर्च व्यर्थ होय.

पुढील लेखांकात सांधेज्वर आणि हृदयाच्या झडपा यांचा विचार करू.