विश्लेषण : कन्नड घाटात हायाबुसा मागे का पडते?

धुळ्याहून चाळीसगावकडे १३४० सीसीची हायाबुसा आणि १५५ सीसीची यामाहा आर१५ एकत्र निघाल्या, तर मोकळ्या सरळ रस्त्यावर आर१५वाल्याला पुढच्या गाडीचा टेललॅम्पही फार वेळ दिसणार नाही. चाळीसगाव सोडून कन्नड घाट लागला की चित्र बदलते. काही वळणांतच छोटी गाडी मोठीच्या मागे येऊन चिकटते आणि घाट उतरताना तर अनेकदा पुढे निघून जाते. दोन्ही चालक साधारण सारख्याच सरावाचे असतील, तर यात नवल काही नाही. पण १९० पीएस ताकदीची गाडी १८.४ पीएसच्या गाडीपुढे अडखळते कशी?

हायाबुसा आपल्याकडे घराघरांत पोहोचली ती २००४ च्या ‘धूम’मुळे. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ बहिरी ससाणा. पेट्रोलसह तिचे वजन सुमारे २६६ किलो, म्हणजे दोन स्प्लेंडर आणि वर चाळीसेक किलो. आर१५ सुमारे १४२ किलोची, तर नवी केटीएम ३९० ड्यूक १६८ किलोच्या आसपास. तुलना या तिघींची आहे, पण हजार सीसीच्या कोणत्याही स्पोर्ट बाइकला ती थोड्याफार फरकाने लागू पडते.

जड गाडी जास्त झुकवावी लागते?

कट्ट्यावर हमखास ऐकू येणारे हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. वळणावर गाडी किती झुकवायची हे मुख्यतः दोनच गोष्टी ठरवतात : वेग आणि वळणाची त्रिज्या. गणितात वजन वर आणि खाली दोन्हीकडे येते आणि कटून जाते. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किमीने घेतले तर झुकाव सुमारे २३ अंश, आर१५ असो वा हायाबुसा. तेच वळण ताशी ६० किमीने घेतले तर झुकाव ४३ अंशांवर जातो. वेग दीडपट झाला, पण टायरवरचा आडवा ताण सव्वादोन पट. ४३ अंश हे कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगल्या टायरलाही जेमतेम झेपणारे काम आहे. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी असेल, तर ते कोणाच्याच टायरला झेपत नाही.

थोडा फरक पडतो तो टायरच्या रुंदीने. हायाबुसाचा मागचा टायर १९० मिलिमीटरचा, आर१५चा १४० चा. टायर जितका रुंद, तितका झुकल्यावर रस्त्याला टेकणारा भाग मधल्या रेषेपासून बाजूला सरकतो. त्यामुळे त्याच वेगात रुंद टायरची गाडी काही अंश अधिक झुकवावी लागते.

मग ताकद जाते कुठे?

कागदावर हिशेब करून पाहू. दोन वळणांमध्ये १०० मीटरचा सरळ तुकडा आहे, दोन्ही वळणे ताशी ४० किमीने घ्यायची आहेत आणि ब्रेक दोघांचे सारखेच लागतात, असे धरू. जड गाडी पूर्ण ताकदीने पळाली तर मध्यावर ती ताशी ९७ किमीपर्यंत जाते. आर१५ साधारण ७९ पर्यंत. पुढच्या वळणापर्यंत जड गाडीने कमावलेला वेळ किती? सुमारे पाऊण सेकंद.

त्या पाऊण सेकंदाची किंमत पाहा. ७५ किलोचा चालक धरून ताशी ९७ वरून ४० वर येताना जड गाडीच्या ब्रेकना आर१५च्या सुमारे २.६ पट ऊर्जा जिरवावी लागते. आणि हे एकदा नव्हे, प्रत्येक वळणाआधी. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नुसते वजन जास्त म्हणून थांबण्याचे अंतर वाढत नाही. वेग सारखा आणि टायर-ब्रेक चांगले असतील तर दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच अंतरात थांबतात. हायाबुसाचे ब्रेक उत्तमच आहेत. घात करतो तो तिने सहज, चालकाला फारसा न जाणवता गाठलेला वेग. पहिल्या गिअरमध्येच ताशी १०० च्या पुढे जाणारी गाडी ७० वर असताना रांगत असल्यासारखी वाटते.

दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यांवर दुचाकीला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कमाल मर्यादा ताशी ६० किमी आहे आणि घाटातले फलक त्याहून कमी सांगतात. म्हणजे वरच्या हिशेबातल्या दोन्ही गाड्या मुळात नियमाबाहेरच आहेत. नियमात राहून चालवले, तर ताकदीचा तो फायदा जवळपास उरतच नाही.

डावीकडून उजवीकडे

हलक्या गाडीचा खरा फायदा एका वळणात नसतो, तो दोन वळणांच्या मधल्या क्षणात असतो. डावे वळण संपते न संपते तोच उजवे येते. तेव्हा गाडी डावीकडून उचलून उजवीकडे टाकायची असते. हे काम हँडलच करते. उजवीकडे वळायचे असेल तर उजव्या बाजूचे हँडल पुढे ढकलायचे, की गाडी उजवीकडे झुकते. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. सायकल शिकताना आपण सगळे हे नकळत शिकलेलो असतो.

इथे मात्र वजन कटून जात नाही. जितके वस्तुमान आणि फिरणारी चाके जितकी जड, तितका जोर आणि वेळ जास्त लागतो. त्यात हायाबुसाचा व्हीलबेस १४८० मिमी, ड्यूकचा १३५७ आणि आर१५चा १३२५. लांब व्हीलबेसची गाडी महामार्गावर रुळावरून चालल्यासारखी स्थिर राहते, पण तीच स्थिरता घाटात वळायला नकार देते. स्पोर्ट बाइकचे खाली बसवलेले अरुंद हँडल हाताला जोरही कमी देते. त्यामुळे ड्यूकचे सरळ, रुंद हँडल घाटात मला सर्वांत सोयीचे वाटते.

हेअरपिन वळणावर आणखी एक अडचण. पहिला गिअर उंच, हँडल फार वळत नाही, समोर अचानक पिकअप आली आणि चढावर थांबावे लागले, तर उताराच्या बाजूचा पाय जमिनीला नीट पोहोचत नाही. २६६ किलोची गाडी एकदा कलली की सावरणे अवघड. वेग शून्य असताना झालेली ही पडझड जीवघेणी नसते, खिशाला मात्र जबर लागते.

सगळेच घाट सारखे नाहीत

धुळ्याजवळचा मुंबई-आग्रा महामार्गावरचा लळिंग घाट चौपदरी आहे आणि त्याची वळणे मोठ्या त्रिज्येची आहेत. तिथे जड गाडीची स्थिरता कामी येते. याउलट शहाद्याहून तोरणमाळला चढताना लागणारी सातपायरीची वळणे इतकी आखडलेली आहेत की तिथे स्प्लेंडरवालाही निवांत पुढे जाईल.

कन्नड घाट या दोन्हींच्या मधला. त्याचे अधिकृत नाव औट्रम घाट. १८२५ च्या सुमारास खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे ते नाव. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने इथे दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाटात बंदी आली. ट्रक हटले की रस्ता मोकळा दिसतो आणि मोकळा रस्ता हात पिळायला लावतो. पण मोटारी, पिकअप, माकडे आणि वळणावर फोटोसाठी थांबलेली कुटुंबे तिथे असतातच.

रेसट्रॅकवर जड आणि ताकदवान गाडी जिंकते, हे खरे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली, तिथे एकच सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. ताकदीला पळायला तेवढी जागा लागते. शिवाय तिथे समोरून कोणी येत नाही.

धोका तुलनेत नाही, ग्रुपमध्ये आहे

एकटा हायाबुसावाला घाटात सहसा सांभाळूनच जातो. अडचण होते ती मिश्र ग्रुपमध्ये. लाखो रुपयांच्या गाडीला मागून आर१५चा हेडलाइट चिकटला, की मागे पडणे मानाला लागते. मग वळणाआधी ब्रेक उशिरा दाबले जातात, गाडी बाहेर जाते आणि बाहेर म्हणजे समोरची लेन किंवा दरी. उलट सरळ रस्त्यावर मोठ्या गाडीला गाठण्यासाठी छोटी गाडी दम लागेपर्यंत पिळली जाते.

गाडी झुकलेली असताना घाबरून ब्रेक दाबला तर कॉर्नरिंग एबीएस मदत करते. ते हायाबुसात आहे, नव्या ३९० ड्यूकमध्येही आहे. पण खडीवर टायरला पकडच नसेल, तर सेन्सर ती आणणार कुठून?

ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधी संपवायचे. गिअर आधीच पाडायचा. नजर दरीकडे किंवा पुढच्या गाडीच्या टेललॅम्पकडे नव्हे, वळण जिथे उघडते तिथे ठेवायची. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. आणि ग्रुप असेल तर निघण्यापूर्वी चाळीसगावलाच ठरवायचे, की घाटात कोणी कोणाच्या मागे धावणार नाही. वर कन्नडच्या बाजूला पहिल्या चहाच्या टपरीवर थांबायचे आणि शेवटची गाडी येईपर्यंत दुसरा कप मागवायचा.