उतारवय, मन आणि आपल्या चालीरीती

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांवर बोलतो. या वेळचा विषय निराळा आहे, पण तुमच्या-आमच्या ओसरीवरचाच आहे. ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना दिसते की शेअर वडिलांच्या नावावर असतो आणि कारभार मुलाच्या हाती गेलेला असतो. त्यात गैर काही नाही. पण ज्याने उभा जन्म रात्री-अपरात्री उठून पाण्याची पाळी धरली, त्याला आता कोणी काही विचारत नाही. ठिबकचा कॉक मुलगा फिरवतो, तोडीचा निरोप मुलाच्या मोबाईलवर येतो. खायला-प्यायला कमी नसते, तरी म्हातारा माणूस मनाने खचत जातो.

अशा वेळी आपल्या चालीरीती कामाला येतात. त्या कशा, ते पाहू.

पहिली गोष्ट नेमाची. दिवेलागणीला देवळात हरिपाठ होतो. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो. हरिपाठ तोंडपाठ असतो, त्यामुळे डोळ्यांनी कमी दिसले तरी अडत नाही. त्या निमित्ताने माणूस अंघोळ करतो, धुतलेलं धोतर नेसतो, चार पावले चालतो. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "तात्या, काल दिसला नाहीत?" एवढ्या विचारण्यानेही मनाला उभारी येते.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस पाळीपाळीने पहारा असतो. पुढचा पहारेकरी येऊन वीणा गळ्यात घेईपर्यंत आधीच्याला हलता येत नाही. पाण्याच्या पाळीसारखेच हे. रात्री दोनचा पहारा म्हाताऱ्याकडे असला, तर त्या वेळी गावाचं त्याच्यावाचून अडतं. आपल्यावाचून कुठेतरी अडते आहे, ही जाणीव उतारवयात मनाला फार धरून ठेवते. शिवाय वारकऱ्यांत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात. तिथे कारभार कुणाकडे आहे हे कोणी पाहत नाही.

तिसरी गोष्ट दुःखाची. जोडीदार गेल्यावर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरी पोकळी जाणवते ती चौदाव्या दिवसापासून. त्या काळात भजनी मंडळातले दोघे-तिघे रोज हाक मारायला आले तर माणूस सावरतो.

मात्र सगळ्याच चालीरीती मनाला आधार देतात असे नाही. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, हळदीकुंकवाला बोलवायचे नाही, याने आधीच दुःखात असलेली बाई एकटी पडते. उसाच्याच पट्ट्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. आपल्या घरच्या आईला, काकूला, आत्याला हळदीकुंकवाचं बोलावणं देण्यासाठी मात्र ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. आषाढीच्या सुमारास आडसाली लागणीची घाई असते आणि कार्तिकीच्या वेळी गाळप हंगाम तोंडावर असतो. वारीला कोण सोडणार, सोबत कोण, हे आधीच ठरवा. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत द्या.

2. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकादशीचा कडक उपास करू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते. उपासाला पोटभर साबुदाणा खाल्ला तर तीच साखर वाढते.

3. काकड्याला जाताना कानटोपी, काठी आणि बॅटरी हवीच. रस्त्यात अंधार असेल तर नातवाला सोबत पाठवा.

4. "बसा गप्प देव-देव करत" असे म्हणू नका. बेणे निवडताना, खोडवा ठेवायचा का मोडायचा हे ठरवताना त्यांना विचारा.

5. झोप उडाली, जेवण तुटले, आवडते भजनही नकोसे झाले, "आता जगून काय करायचं" असे बोलणे सुरू झाले, आणि हे दोन आठवड्यांवर टिकले, तर त्याला वैराग्य समजू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे असेल तर दोन आठवडेही थांबू नका. माणसाला एकटे ठेवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरही दाखवा.

खोडव्याची निगा राखली तर तोही चांगला उतारा देतो, हे आपण जाणतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचीही तशीच निगा राखावी. संध्याकाळी हरिपाठाची वेळ झाली की मोटार बंद करून दहा मिनिटे त्यांना देवळापर्यंत पोहोचवा, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी