गोळीचा त्रास आपल्या बोलीत सांगा

आमच्या वऱ्हाडात मनाच्या आजाराला अजूनही सरळ नाव मिळत नाही. 'डोके फिरले', 'बाहेरचे आहे', 'टेन्शन घेतले' एवढ्यावर भागवतात. तरी फरक पडतो आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ मदत घ्यायला जात. पुढे ते प्रमाण २७ वर गेले. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

माणूस दवाखान्यापर्यंत पोचला, हे चांगलेच झाले. पण गोळ्या सुरू झाल्यावर काहींना नवाच त्रास होतो. मग तो मुकाट्याने सोसायचा, नाहीतर गोळ्या फेकून द्यायच्या, असे दोनच मार्ग घरच्यांना दिसतात. तिसरा मार्ग म्हणजे तो त्रास नेमक्या शब्दांत डॉक्टरांना सांगणे. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. शब्दाने काय होते, एवढे मात्र मी जवळून पाहिले आहे.

तोंड कोरडे पडणे, पेंग येणे, मळमळणे हे त्रास पुष्कळदा एक-दोन आठवड्यांत कमी होतात. काही त्रास मात्र वेगळे असतात. हॅलोपेरिडॉलसारखे औषध सुरू केल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत काहींची, विशेषतः तरुण मुलांची, मान एका बाजूला आखडते, डोळे वर चढतात, जीभ वाकडी होते. घरच्यांची पाचावर धारण बसते. कुणी दर्ग्यावर नेतो, कुणी भगताकडे. खरे तर मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचे काम औषधाने अडवलेले असते, त्यामुळे स्नायूंचा तोल बिघडतो. दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळाले की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. क्वचित घसा आवळून श्वास अडकू शकतो, म्हणून वाट पाहत बसू नये.

दुसरा त्रास ओळखायला अवघड. माझ्या चुलतबहिणीला, आमच्या आपाला, गोळ्या सुरू झाल्यावर बसवेना. रात्रभर अंगणात येरझारा. दवाखान्यात मुलाने सांगितले, 'अम्मी घाबरते.' घाबरणे म्हणजे आजारच वाढला असे समजून गोळी वाढवली गेली. येरझारा आणखी वाढल्या. 'यापेक्षा मेलेली बरी,' असे ती बोलू लागली. पुढच्या खेपेला ती स्वतःच आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, 'दिल नई घबराता, पाँव ठैरतेच नई.' त्या एका वाक्याने डॉक्टरांच्या ध्यानात आले. याला अकॅथिसिया म्हणतात. हा आजार वाढल्याचा नव्हे, औषधाचा परिणाम. गोळी कमी केली, नंतर बदलली. काही दिवसांत आपा शिलाई मशीनवर बसू लागली. गोळी वाढवणे आणि कमी करणे यात एका वाक्याचे अंतर होते. अशा त्रासात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागाची, ती म्हणजे ऊन. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले होते. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि ऊन लवकर बाधते. लिथियमचे तर फारच सांभाळावे लागते. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि आजही ते मोलाचे औषध आहे. पण त्याचे रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० असावे लागते, १.५ च्या पुढे धोका वाढतो. घामाने, जुलाबाने अंगातले पाणी व मीठ घटले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनीही ते वाढते. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नये, मीठही एकाएकी तोडू नये. हात जोरात थरथरणे, उलट्या, झोकांड्या जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसताच पुढची गोळी न देता थेट इस्पितळ गाठावे.

रोजा असो की निर्जळी उपवास, लिथियम घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुराणातच आहे.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. मनोविकाराची गोळी चालू असताना भारी ताप येऊन अंग लाकडासारखे ताठ झाले, तर ऊन लागले असे समजून कांदा चोळत बसू नये. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तोंड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अशी तातडीची वेळ सोडली तर गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. लिथियम अचानक तोडले की आजार उसळून येऊ शकतो. नैराश्याच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटते. डॉक्टर त्या पायरीपायरीने उतरवतात.

घरात एक वही ठेवा. गोळीचे नाव, किती वाजता घेतली, त्रास केव्हा सुरू झाला, एवढे लिहा. त्रासाला मोठे नाव शोधू नका. 'मले बसवत नाही', 'मान ओढते', 'आंग जड पडते' हे शब्द पुरेसे आहेत. शक्यतो रुग्णालाच बोलू द्या.

हा काही उपकार मागणे नव्हे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ नुसार उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. तेव्हा गोळीची चिठ्ठी हातात पडताच विचारा, 'यानं काय त्रास होऊ शकते, अन् झाला तर काय करू?' मन खचले, सल्ला हवा असला, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते.