मामा, किती मेगापिक्सेल?

दिवाळीत गावी, दुधनीला होतो. संध्याकाळी स्टेशनावर भाच्याने धडधडत निघालेल्या गाडीचा फोटो काढला. आला नुसता पट्टा!

"मामा, तुमच्या लॅबच्या कॅमेऱ्याला किती मेगापिक्सेल?"

प्रश्न चुकीचा, पण अडचण नेमकी तीच. उजेड कमी आणि वस्तू पळती.

आम्ही लॅबमध्ये चमकणारी प्रथिनं असलेल्या जिवंत पेशी मायक्रोस्कोपखाली बघतो. तिथे फ्लॅश मारायची सोय नाही, जास्त प्रकाशाने पेशीच मरते. नवखा असताना मी लेसर वाढवून झकास फोटो काढले. तासाभरात मायटोकॉन्ड्रियाच्या लांब दोऱ्यांचे तुकडे, पेशी गोल होऊन काचेवरून सुटलेल्या. ऑपरेशन यशस्वी, पेशंट गेला.

म्हणून स्पिनिंग डिस्क मायक्रोस्कोप. साधा कॉन्फोकल मायक्रोस्कोप एकेक ठिपका वाचत जातो. इथे फिरत्या चकतीच्या कितीतरी छिद्रांतून एकदमच चित्र उमटतं.

कॅमेऱ्यात क्वांटम एफिशियन्सी बघा, म्हणजे 100 फोटॉनपैकी पकडले किती. मागून प्रकाश घेणारे चांगले एससीमॉस (sCMOS) कॅमेरे 95 पर्यंत जातात.

मग पिक्सेलचा आकार. 6.5 मायक्रॉनचा पिक्सेल, 60 पट लेन्स, म्हणजे नमुन्यावर 108 नॅनोमीटर. 1.4 एनएची (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) लेन्स हिरव्या प्रकाशात साधारण 220 नॅनोमीटरपर्यंतच बारकावा दाखवते. त्याच्या निम्मा पिक्सेल, जोडी जमली! याहून बारीक पिक्सेल घेतलात तर तेवढाच प्रकाश जास्त जागी वाटला जातो.

पेशी जिवंत राहाव्यात म्हणून 37 अंश आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड राखणारी पेटी विसरू नका.

मायक्रोस्कोप विकत घेण्याआधी डेमो मात्र आपल्याच पेशींवर मागा, कंपनीच्या तयार स्लाइडवर नको.