एका तारेने युद्ध पेटले काय?

प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने खोटी तार तयार केली आणि फ्रान्सशी युद्ध जुंपले, असे नेहमी सांगितले जाते. हे कितपत खरे आहे?

१८७० साली स्पेनची गादी रिकामी होती. तिच्यासाठी प्रशियाच्या राजघराण्याच्या एका शाखेतील लिओपोल्ड याचे नाव पुढे आले. फ्रान्सने हरकत घेतली आणि १२ जुलैला ते नाव मागेही घेण्यात आले. तंटा तेथेच मिटायला हवा होता.

परंतु फ्रान्सचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १३ जुलैला राजदूत बेनेदेती यांनी एम्स या गावी राजा विल्हेल्म यांना गाठले आणि अशी उमेदवारी पुन्हा कधीही मान्य करणार नाही, असे वचन मागितले. राजाने सभ्यपणे नकार दिला. राजदूताने पुन्हा भेट मागितली तेव्हा, आता अधिक सांगण्यासारखे काही नाही, असा निरोप आपल्या लष्करी अधिकाऱ्याकरवी धाडला. ही हकीकत तारेने बिस्मार्कला कळवण्यात आली. ती छापण्याची मुभाही त्याला देण्यात आली होती.

बिस्मार्कने त्यात खोटे काही घुसडले नाही. फक्त कात्री चालवली. कारणे व सौम्य शब्द गळाले आणि राजाने राजदूताला झिडकारले, असा अर्थ उरला. कारकुनी करणाऱ्यांना ठाऊक आहे, मसुद्यातील एक ओळ गाळली तरी सगळे प्रकरण फिरते! भरीस भर म्हणजे निरोप नेणाऱ्या अधिकाऱ्याचा जर्मन हुद्दा फ्रेंचमध्ये तसाच छापला गेला. त्या भाषेत तो हलक्या दर्जाच्या शिपायाचा हुद्दा होता. पॅरिस खवळले. प्रत्यक्षात १४ जुलैला राजा आणि राजदूत यांनी स्टेशनवर एकमेकांचा सभ्यपणे निरोप घेतला होता.

१५ जुलैला फ्रेंच संसदेत तिएर या वृद्ध नेत्याने, आधी मूळ कागद दाखवा, अशी मागणी केली. त्याला ओरडून गप्प बसवण्यात आले. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. २ सप्टेंबरला सेदान येथे फ्रान्सचा सम्राटच कैद झाला. १८७१ च्या तहात फ्रान्सला अल्सास व लोरेनचा बराचसा भाग गमवावा लागला, शिवाय ५०० कोटी फ्रँकचा दंड बसला. आणि तहाची बोलणी करण्याची पाळी आली ती त्याच तिएरवर!

तेव्हा तार खोटी नव्हती, अर्धवट होती. बिस्मार्कला युद्ध हवे होते हे खरे. पण पॅरिसच्या मंत्र्यांनीही शहानिशा टाळली. अर्धवट बातमीवर रक्त तापवण्याआधी 'मूळ कागद दाखवा' असे विचारणारा माणूस भित्रा नसतो. त्याचे ऐकले जावे, एवढाच यातून घेण्याचा धडा.