काचपेटीतले आजारपण

लोहगडवाडीला आमच्या थोरल्या दादाचे घर आहे. श्रावणात तिथे ढग थेट ओसरीवर येतात. पाण्याचे कौतुक कुणाला असणार? पण पुतणी चिमी हिला पाणी घरात हवे होते, तेही मासे असलेले! तिच्या वाढदिवसाला मी पुण्याहून चाळीस लिटरची काचपेटी, हवेचा पंप, स्पंजची गाळणी आणि चार सोनमासे घेऊन मळवली स्टेशनावर उतरलो. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून किती मुलांनी तिथल्या काचेला नाक लावले असेल! आता मत्स्यालयच घरी आले, अशा थाटात मी होतो.

सहाव्या दिवशी पाणी दुधाळ झाले. मला स्वच्छतेचा भारी सोस. मी पेटी रिकामी केली, खडी आणि स्पंज नळाखाली खसखसून धुतले आणि ताजे पाणी भरले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एवढी भांडी घासलीत तर बरं होईल!"

तीन दिवसांनी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. दुसऱ्या सकाळी एक तरंगताना दिसला. चिमीचे डोळे भरले. "काका, मी जास्त खायला घातलं म्हणून मेला का तो?"

उत्तर द्यायचे तर आधी निदान हवे. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके? नव्हते; म्हणजे ठिपक्यांचा परजीवी नव्हे. पर झडलेले? नाहीत. पोट फुगलेले? नाही. नळाला पाणी विहिरीचे, म्हणजे क्लोरिनही नव्हे. पंपाचे बुडबुडे चालू होते. मात्र तिन्ही मासे एकदमच धापा टाकत होते आणि कल्ले लालभडक झाले होते. सारे बिऱ्हाड एकाच वेळी आजारी पडले, की संशय आधी पाण्यावर घ्यावा! तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले. अमोनिया!

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो; उरलेले अन्न कुजूनही तो होतो. तळ्यात एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. नव्या पेटीत त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती जमते खडीवर नि स्पंजवर. मी तेच नळाखाली धुतले होते! शिवाय चाळीस लिटरांत चार सोनमासे म्हणजे एका खोलीत चार बिऱ्हाडे.

औषध साधे निघाले. दोन दिवस खाणे बंद. रोज पाव भाग पाणी बदलायचे, नवे पाणी पेटीतल्याइतक्याच उबेचे. स्पंज धुवायचा तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच, तोही हलका पिळून. जुन्या पेटीतला मळका स्पंज कुणी दिला तर सोन्याहून पिवळे! दुसरा टप्पा नायट्राइटचा. तोही पाणी बदलूनच निभावला. पाच आठवड्यांनी थेंब पिवळे राहिले आणि तिन्ही मासे जगले. मग मी त्यांच्यासाठी मोठी पेटी आणली, पण जुना स्पंज मात्र तोच ठेवला.

राहिला चिमीचा प्रश्न. पाऊस उघडल्यावर तिला घेऊन गड चढलो. नाना फडणीसांनी बांधलेल्या सोळा कोनांच्या तळ्याच्या काठी बसलो. दगडांवर शेवाळ दाटले होते.

"काका, हे कोण घासतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर तळं जिवंत आहे." मग धीर करून म्हणालो, "चिमे, तो मासा तुझ्या खाण्यानं नाही गेला. माझ्या घासण्यानं गेला."

ती बराच वेळ तळ्याकडे बघत राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, "काका, आता तुम्ही नुसतं बघायचं हं. हात नाही लावायचा."

तेव्हापासून मी पेटीपाशी हात मागे बांधून उभा राहतो.