कक्षेत वजन का नाहीसे होते?

लखनौचे शुभांशु शुक्ल २५ जून २०२५ रोजी अवकाशात गेले व १५ जुलैस परतले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ते तरंगताना दिसले, तेव्हा तेथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण पोचत नाही, असा पुष्कळांचा समज झाला. तो निखालस चुकीचा आहे.

लखनौच्या गोमती नगरात ४०० किलोमीटर उंच मनोरा उभारला आहे, अशी कल्पना करा. स्थानकाची उंची साधारण तेवढीच असते. जमिनीवर ६० किलो भरणारा मनुष्य मनोऱ्याच्या माथ्यावर स्प्रिंगच्या काट्यावर उभा राहिला, तर काटा सुमारे ५३ किलो दाखवील. गुरुत्वक्षेत्र पृथ्वीच्या मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होते. आणि ते अंतर ६,३७१ किलोमीटरांचे ६,७७१ झाले, एवढाच काय तो फरक.

मग स्थानक खाली का येत नाही? वास्तविक तेही पडतच असते. परंतु पडता पडता सेकंदास सुमारे ७.७ किलोमीटर आडवे धावते. ते सरळ रेषेत गेले असते, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे एका सेकंदात त्याची उंची सुमारे ४.३ मीटर वाढली असती. त्याच सेकंदात ते ४.३ मीटर पडते, म्हणून उंची कायम राहते.

आतला मनुष्य, पेला, काटा, सारे बरोबरच पडतात. काट्यावर भार येणार कोठून? यासाठी ‘गुरुत्वशून्य’ हा रूढ शब्द फसवा वाटतो, ‘भारहीन’ म्हणावे.

परतीच्या वेळी यान आपला आडवा वेग थोडासाच घटविते. मग पडणे गोलाईहून अधिक होते, आणि यान वातावरणात उतरते.